तुम्ही विचारलेत म्हणून: झाडपाल्याच्या औषधाला कायदा कशाला?

औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात मी वनस्पतिज औषधांचा विषय बरीच वर्षे शिकवला आणि घरात कुणाला सर्दी झाली की आजही आले, तुळस आणि गवती चहाचा काढाच करते. या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली माणसे मला हमखास विचारतात, “मॅडम, झाडपाल्याच्या औषधांची सुरक्षितता आणि गुण सरकारने तपासावा असे तुम्ही म्हणता, मग आजीच्या बटव्यालाही परवाना लावणार का?” बटव्याला परवाना लागत नाही आणि लागूही नये. माझे म्हणणे बटव्यातून निघून बाटलीत शिरलेल्या, लेबल लावून अनोळखी माणसाला विकल्या जाणाऱ्या औषधापुरते आहे.

पहिला प्रश्न गुणाचा नसून ओळखीचा आहे. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना बाजारातून अशोकाची साल आणायला सांगत असे. पाळीच्या तक्रारींवर वापरतात तो सीतेचा अशोक. त्याच्या नावावर पुष्कळदा बंगल्यांच्या कुंपणाशी उंच वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल विकली जाते. या दोन झाडांचे नावापलीकडे काही नाते नाही. एक शेंगांच्या कुळातले, तर दुसरे सीताफळाच्या कुळातले. साल अखंड असेल तर सरावलेल्या डोळ्याला फरक कळतो, पण भुकटी झाली की ती क्लोरल हायड्रेटमध्ये उकळून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावाचून कुणालाही काही सांगता येत नाही. काही मुलांच्या काचपट्टीवर पुस्तकातल्या आकृतीशी जुळणारे काहीच दिसत नसे आणि ती मुले आपलेच काही चुकले असेल म्हणून तीन-तीनदा नवी काचपट्टी करत. खरी साल आणणाऱ्याने आणि खोटी आणणाऱ्याने पैसे मात्र सारखेच मोजलेले असत.

गुळवेलीचा वाद याच जातीचा. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला जाऊ लागला, आणि २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तिच्याच वंशात खोडावर चामखिळीसारख्या गाठी असलेला दुसरा वेल आहे, त्यामुळे आक्षेप बिनबुडाचा म्हणता येणार नाही. पण गुळवेल म्हणून लोकांच्या पोटात नेमके काय जाते हे मंत्रालयालाही छातीठोकपणे सांगता येत नसेल, तर माझ्या मते तो आक्षेप नियंत्रणाच्याच बाजूने बोलतो.

यावर हजारो वर्षांच्या अनुभवाचा दाखला दिला जातो. त्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. बिब्बा उततो आणि जमालगोट्याने जुलाब होतात हे आपल्याला प्रयोगशाळेने शिकवलेले नाही. मात्र अनुभवाला दिसते ते लगेच होणारे नुकसान. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समधील एका दवाखान्यात वजन उतरवण्यासाठी एक चिनी वनौषधी दिली जात होती. तिच्या जागी नामसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया वंशातील वनस्पती गेली आणि शंभराहून अधिक जणींच्या, बहुतेक स्त्रियांच्या, मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली; पुष्कळांची तर निकामी झाली. त्यांतील अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडील सापसंद याच वंशातली. आज घेतलेल्या मुळीचा आणि काही वर्षांनी होणाऱ्या कर्करोगाचा संबंध कितीही निष्णात वैद्याला नाडीवरून लावता येणार नाही. त्याला नोंदी लागतात आणि त्या नोंदी ठेवायला भाग पाडणारा कायदा लागतो.

गुणाच्या परीक्षेला भिण्याचेही कारण नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील उपयोग रुग्णांवर तपासून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि सगळ्या जगाने तिची दखल घेतली. पुढे तिच्यातील रेसरपिन हे प्रभावी द्रव्य वेगळे काढले गेले आणि काही रुग्णांना त्याने खोल औदासीन्य येते हेही ध्यानात आले. तपासणीने मुळीचा मान वाढला, तसा तिचा अवगुणही उघड झाला.

कायदा आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. १९४०च्या औषध कायद्यात १९६४च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक व युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि उत्पादनाला परवाना लागतो. विक्रीला मात्र लागत नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सांगितलेला कल्प, म्हणजे ठरल्या कृतीचे औषध, त्याच उपयोगासाठी काढायचा असेल तर सुरक्षिततेची नवी चाचणी मागितली जात नाही, आणि च्यवनप्राशासारख्या कल्पांपुरते मला ते मान्य आहे. मला खटकतात त्या ‘ग्रंथोक्त घटक’ एवढ्याच भांडवलावर मधुमेह मुळापासून घालवण्याची भाषा करणाऱ्या नव्या गोळ्या. जो रोगाचे नाव घेतो त्याने पुरावा द्यावा. जो नुसता घसा शेकायचा म्हणतो त्याने आपली वनस्पती खरी आणि शिसे-पाऱ्यापासून मुक्त असल्याचे दाखवले तरी माझी तक्रार नाही. युरोपीय संघाच्या २००४च्या निर्देशात साधारण अशीच विभागणी आहे: तीस वर्षांचा वापर, त्यातील पंधरा युरोपात, दाखवला की किरकोळ तक्रारींसाठी नोंदणी मिळते, पण दर्जाच्या कसोटीत सूट मिळत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई ताप आला की त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या ‘झाडपाल्याच्याच तर आहेत’ म्हणून कुणालाही न विचारता घेतात. त्या गोळीत बचनाग असतो आणि हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे खनिजही असते. बचनाग आणि हिंगूळ ही दोन्ही नावे कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत, म्हणून वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना डबीवर इंग्रजीत आणि हिंदीत छापावी लागते. ती छापलेली होती. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मी चिकटपट्टीच्या तुकड्यावर ती मराठीत लिहून डबीला लावली, तेव्हा जाऊबाईंनी ती प्रथमच वाचली आणि मला विचारले, “हे आधीपासून लिहिलेले होते?”