खण तिसरा: शिंपले लागले, ‘अकोया’चं लेबल अडलं

पिंक्टाडाचा (मोती देणाऱ्या सागरी शिंपल्यांच्या प्रजातीचा) खण लागला. लेबलांवरची जपानी नावांची ओळ मात्र देवनागरीत बसता बसत नाहीये.

‘शिरोचो’ लिहिलं की मराठी डोळा ‘चोर’मधला च वाचतो. जपानी च ‘चहा’तला. म्हणून आता शिरोच्योगाइ (पिंक्टाडा मॅक्झिमा) आणि कुरोच्योगाइ (पिं. मार्गारिटिफेरा). मोत्याचंही तसंच: ‘शिंजू’त ‘जुना’तला ज शिरतो, तेव्हा शिंज्यु. ‘च्यो’तला ओ लांब, ‘शिरो’तला आखूड, हे दाखवायला शिरोच्योऽगाइ असा अवग्रह टाकून पाहिला. लेबलावर स्तोत्र छापल्यासारखं दिसतं, पण दुसरा उपाय नाही. शेवटचा इ मुद्दाम ऱ्हस्व ठेवलाय. ‘गाई’ केलं की लोक गोठा शोधतात. मूळ शब्द काइ, म्हणजे शिंपला. समासात क चा ग होतो.

खरी गाठ ‘अकोया’पाशी. जपानीत अकोयागाइ हा जीव आणि अकोया-शिंज्यु हा त्याचा मोती. बाहेरच्या बाजारात नुसतं ‘अकोया’ म्हणजे मोतीच, आणि शिंपले विकणारे काही जण तोच शब्द कोणत्याही लहान चकचकीत शिंपल्याला चिकटवतात. चिठ्ठीवर विसंबू नका, बिजागरी बघा. दहापट भिंगाखाली बिजागरीच्या दोन्ही टोकांना बारीक दात दिसले तर कुरोच्यो बाद. त्याला आणि शिरोच्योला दात नसतात. पिल्लू कुरोच्यो ‘अकोया’ म्हणून खपतं ते इथेच पकडलं जातं. मात्र दात दिसले म्हणजे अकोयाच, असं नाही. पिंक्टाडात दातवाल्या इतर जातीही आहेत, तेव्हा ठिकाणाची नोंद हवीच.

तमिळनाडूतल्या तुतिकोरिनचा नमुना आणखी छळतो. भारतात १९७३ साली संवर्धित मोती निघाला तो तिथल्याच पिंक्टाडा फुकाटापासून. जपानी लेखनात अकोयागाइ बहुधा ‘फुकाटा मार्तेन्सी’ या उपजातीला जोडलेलं असतं. त्यामुळे तुतिकोरिनच्या लेबलावर जपानी ओळ कोरी.

‘माबे’ला वेगळं कार्ड. माबेगाइ म्हणजे टेरिया पेंग्विन, पण व्यापारात कुठलाही अर्धा मोती माबे! जीव आणि मोती एकाच ओळीत कोंबल्यानेच हा सगळा घोळ होतो, हे लिहिता लिहिता ध्यानात आलं. तेव्हा आराखडा बदलतोय: वरच्या ओळीत शास्त्रीय नाव, त्याखाली ‘गाइ’सकट जिवाचं नाव, मोत्याचा शब्द मागच्या बाजूला. केशी (केंद्रक, म्हणजे आत घातलेला मणी, नसलेला मोती) आपोआप मागे जाईल.

थर्मल प्रिंटर नको, छपाई उडते. आम्लरहित कागद आणि ०.२ मिमीचं पिग्मेंट पेन घ्या. ओक किंवा एमडीएफचे खणही टाळा. लाकडातल्या आम्लाच्या वाफेने शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरते. शिंपला ब्लीचमध्ये बुडवू नका, व्हिनेगर तर अजिबात नको, चकाकी जाते. शिंपला उघडण्याआधी बिजागरीचा वाळका अस्थिबंध (दोन्ही झडपा जोडणारा पट्टा) ओल्या फडक्यात रात्रभर ठेवा, नाहीतर तडकतो.

पुढे इकेच्योऽगाइ, जपानच्या बिवा सरोवरातला. तो गोड्या पाण्याचा, म्हणून या खणात नाहीच.