पंचवीस दिवसांचा भोपळा

निफाडची थंडी द्राक्षाला चांगली की वाईट, यावर आमच्या पारावर अजून वाद चालतो. माझ्या क्रिप्टोला, म्हणजे द्राक्षावरची कीड खाणाऱ्या ढालकिड्याला, मात्र ती नडली.

घडात मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, शिरला की मण्यांवर चिकटा, चिकट्यावर काजळी, आणि व्यापारी माल हातात धरत नाही. तोडणी जवळ आल्यावर औषध मारावं तर अवशेषांची धास्ती. म्हणून मिलीबग खाणारा क्रिप्टोलेमस, म्हणजेच क्रिप्टो, हा ढालकिडा घरीच वाढवायचं ठरवलं. मूळ ऑस्ट्रेलियाचा हा किडा १८९८ मध्ये भारतात आणला गेला. लाल भोपळ्यावर मिलीबग वाढवायचा, त्यावर किडे सोडायचे, इतकंच काम. पंचवटीच्या मार्केट यार्डातून भोपळे आणले, पेट्या, मांजरपाट, सगळं दोन दिवसांत जमलं.

किडे देणाऱ्यानं सांगितलं होतं, पंचवीस दिवसांत भोपळा पांढराफटक होतो. माझ्या भोपळ्यावर पंचविसाव्या दिवशी नुसते गुलाबी ठिपके. डिसेंबर, पारा ८ अंशांवर. मिलीबग वाढणार कसा? अठ्ठाविसाव्या दिवशी माझा धीर सुटला आणि विकतचे २०० किडे सोडून दिले. रोज सकाळी भिंग घेऊन बसायचो. किडे खाऊन टुणटुणीत, अंडं एक दिसेना. फोन केला, तर "थोडा दम धरा." तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही.

गोम नंतर कळली. मिलीबगची मादी कापसासारखी पिशवी करून त्यात अंडी घालते, आणि क्रिप्टोची मादी आपली अंडी त्याच पिशवीत किंवा तिला खेटून ठेवते. पिशव्याच नाहीत, तर ती घालणार कुठं? वर माझे किडे कोवळी पिल्लं फस्त करत होते, म्हणजे पुढच्या पिशव्यांचीही वाट लावली. दिवस मोजू नका, कापूस दिसेपर्यंत थांबा. हे त्या माणसाला एका वाक्यात सांगता आलं असतं.

दुसऱ्या खेपेला खोलीत बल्ब लावले, कापूस दिसल्यावरच नवे २०० किडे सोडले. तरी दोन भोपळे देठाशी कुजले आणि त्यांच्यावरचा मिलीबग सुकत गेला. चांगल्या भोपळ्यांवरचे किडे ज्वारीच्या दाण्याएवढे निघाले, त्या दोनांवरचे बाजरीएवढे. बारके वेगळ्या पेटीत ठेवून पाहिले. अंडी घातली, पण मोजून चार-दोन. भोपळा देठासकट घ्या, कुठं खरचटला असेल तर तिथं मेण लावा. आणि हो, पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या चिकट्यासाठी येतात आणि मिलीबगची राखण करत क्रिप्टोला हुसकतात.

मार्चमध्ये उशिराच्या प्लॉटमध्ये, खोडाच्या सुटलेल्या सालीजवळ संध्याकाळी किडे सोडले. काही दिवसांनी बघतो तर गडी ब्रश घेऊन खोडावरचं पांढरं खरवडतोय. क्रिप्टोची अळीही अंगावर मेणाच्या झालरी घेऊन फिरते, लांबून मिलीबगच वाटते.

"अरे थांब, ते आपलेच आहेत!" मी बांधावरूनच ओरडलो.