रेडिएटरचा नॉब नेमके काय ठरवतो

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाचगणीहून आत्याचा फोन आला. "अरे, त्या हीटरमधलं तेल संपलंय बघ. बटण पार शेवटाला नेलं तरी खोलीत ऊब येईना. येताना साताऱ्यातनं तेलाचा डबा घेऊन ये." आत्याचे वय ८२ आहे आणि त्या घरात ती एकटी राहते. शेजारच्या महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठच्या गवतावर दवबिंदू गोठले की त्याचे छायाचित्र आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत येते, आणि ते पाहिले की पाचगणीतल्या जुन्या घरांत रात्र कशी जात असेल, याच विचाराने मला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून, वाईवरून पसरणीचा घाट चढून मी दहाच्या सुमारास तिच्याकडे पोहोचलो. बरोबर तेलाचा डबा नव्हता. मल्टिमीटर, टेस्टर आणि भिंतीला टांगायचा एक साधा तापमापक होता.

साखर कारखान्यात बॉयलरच्या देखभालीवर मी तीस वर्षे काढली आहेत. उष्णता किती निर्माण झाली, तिच्यातली किती कामी आली आणि किती वाया गेली, हा हिशेब मांडण्याची सवय तेव्हापासून लागली, आणि घरातल्या रेडिएटरच्या बाबतीत तो हिशेब फारसे कोणी मांडत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रथम तेलाविषयी. पाती असलेल्या या हीटरमधले तेल जळत नाही, त्यामुळे ते संपतही नाही. सगळी पाती आतून पोकळ आणि एकमेकांना जोडलेली असतात. खालच्या बाजूला विजेचे कॉइल असते. त्याने तापलेले तेल हलके होऊन पात्यांमधून वर चढते, पत्र्याला उष्णता देऊन थंड होते आणि पुन्हा खाली उतरते. तेलाचे काम एवढेच, हमालाचे. कारखान्यातच ते सीलबंद केलेले असते. फरशीवर तेलाचा डाग दिसला तर हीटर वापरणे ताबडतोब थांबवावे. डाग नसेल तर तेलाचा विचारही करण्याचे कारण नाही.

आत्याच्या हीटरवर, बहुतेक अशा हीटरवर असतात तसे, दोन नॉब आहेत. एकावर ८००, १२०० आणि २००० वॉट अशा तीन पायऱ्या आहेत. दुसरा गोल फिरतो, त्यावर किमानपासून कमालपर्यंत आकडे आहेत आणि तो थर्मोस्टॅटचा आहे. या दोन नॉबची कामे पूर्णपणे वेगळी आहेत, आणि घोटाळा होतो तो नेमका इथेच. पहिला नॉब उष्णता किती वेगाने निघावी ते ठरवतो. दुसरा नॉब फक्त कुठे थांबायचे ते ठरवतो. थर्मोस्टॅट शेवटाला नेल्याने हीटर अधिक जोरात तापत नाही. तो अधिक उशिरा बंद होतो, इतकेच. आत्याने थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर नेला होता, पण पायऱ्यांचा नॉब ८०० वरच होता.

तो ८०० वर का होता, हे विचारल्यावर गेल्या हिवाळ्यातली गोष्ट बाहेर आली. ज्या वायरमनने तिथे पॉइंट काढून दिला, त्याने दिव्याच्याच जोडणीतून ६ अँपिअरचे सॉकेट बसवले होते. २००० वॉटला २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह लागतो, त्यामुळे प्लग तापून त्याची पिन तपकिरी पडली. सॉकेट बदलण्याऐवजी त्याने नॉब ८०० वर ठेवला आणि "आता हात लावू नका" असे सांगून तो निघून गेला. आत्याने वर्षभर खरोखरच हात लावला नाही. ८२ वर्षांच्या माणसाच्या खोलीत असे अर्धवट काम करून जाणे मला अक्षम्य वाटते. त्यात संध्याकाळी मीटर लावून पाहिले तर व्होल्टेज २०० होते. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे ८०० वॉटचे प्रत्यक्षात ६०० वॉटच उरतात. एवढ्या मोठ्या खोलीत तेवढ्या उष्णतेचे काय चालणार?

मी ते गणित आत्याच्या टेबलावरच मांडले. खोली १२ बाय १४ फूट, उंची १० फूट. नुसत्या हवेचा विचार केला, तर तिला १० अंशांनी तापवायला २००० वॉटला पाच मिनिटे पुरतात. पण भिंती जांभ्याच्या आहेत, दीड फूट जाडीच्या. चारही भिंतींचे वजन अंदाजे ४० टनांच्या वर जाते, आणि त्या पूर्ण जाडीसकट फक्त एका अंशाने तापवायच्या म्हटले तरी १० युनिटच्या आसपास वीज लागेल. एवढी वीज कोणी जाळत नाही, भिंतीचा आतला थर तेवढा कोमट होतो. परंतु दिवसभर बंद असलेली खोली रात्री आठ वाजता हीटर लावून साडेआठला उबदार व्हावी, ही अपेक्षा का फोल ठरते, ते यावरून कळते. म्हणून मी तिला सांगितले, की ऊन उतरले की पाच वाजताच हीटर लाव, आणि थंडीने हुडहुडी भरेपर्यंत थांबू नकोस.

नॉब शेवटाला नेण्याची अशीच चूक तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून जर्मनीतल्या लायप्झिगला झाली होती. धाकटी मुलगी तिथे असते आणि बाळंतपणासाठी आम्ही दोघे तिच्याकडे हिवाळाभर राहिलो होतो. तिच्या जुन्या इमारतीत बिडाचे, एकाला एक कप्पा जोडून बनवलेले पाण्याचे रेडिएटर होते. प्रत्येकाच्या टोकाला १ ते ५ आकड्यांची पांढरी टोपी होती. मी रोज संध्याकाळी ती ५ वर नेत असे, पहाटे घामाघूम होऊन उठत असे आणि खिडकी उघडत असे. त्या टोपीत मेण, द्रव किंवा वायू भरलेली एक छोटी कुपी असते; भोवतालची हवा तापली की आतला पदार्थ फुगतो, खिळी दाबतो आणि गरम पाण्याची वाट अरुंद करतो. ३ चा अर्थ साधारण २० अंश, २ चा १६, ५ चा २८. मी ५ वर नेले म्हणजे खोली २८ अंशांना जाईपर्यंत पाणी चालू ठेवायला सांगितले होते. त्याहून वाईट म्हणजे, उघड्या खिडकीतून आलेली थंड हवा थेट त्या टोपीवर उतरत होती, तिला खोली गोठली असे वाटत होते आणि ती व्हॉल्व्ह पूर्ण उघडत होती. खिडकी उघडण्याआधी टोपी बंद करायची असते, हे मला मुलीने सांगितले. प्रत्येक रेडिएटरवर चिकटवलेले एक छोटे मापक किती उष्णता वापरली त्याची नोंद घेत होते. जर्मनीत १९८१ च्या नियमापासून सामायिक हीटिंगच्या खर्चाचा निदान निम्मा भाग अशा वापरानुसार वाटला जातो, त्यामुळे माझ्या त्या उघड्या खिडक्या तिच्या बिलात आल्या.

बैठकीच्या खोलीत मात्र उलट तक्रार होती. टोपी ४ वर असूनही खोली गार. पाहिले तर रेडिएटरपुढे सोफा आणि वरून जमिनीपर्यंत लोंबणारा जाड पडदा. टोपी पडद्यामागे कोंडलेल्या गरम हवेत होती, म्हणून ती लवकर बंद होत होती. पडदा खिडकीच्या कठड्याइतका आखूड केला, सोफा हातभर पुढे ओढला आणि दुसऱ्याच दिवशी फरक पडला. आणखी एका खोलीत रेडिएटर खाली गरम आणि वर थंड होता. चौकोनी किल्लीने कडेचा छोटा स्क्रू सैल केल्यावर आधी फुस्स आवाज करत हवा आली, मग काळपट पाण्याची धार लागली आणि वरचे भाग तापले.

तिथल्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून एक गोष्ट समजली आणि माझी बॉयलरची इतकी वर्षे असूनही ती मला नवी होती. साधा हाताचा व्हॉल्व्ह निम्मा बंद करून पाण्याचा प्रवाह निम्मा केला, तर उष्णता निम्मी होत नाही. ती जवळपास ८० टक्के राहते. पाणी सावकाश जाते, म्हणून ते आत जास्त वेळ थांबून जास्त उष्णता देऊन जाते. उष्णता खरोखर निम्मी करायची तर प्रवाह पाचव्या हिश्श्यापर्यंत उतरवावा लागतो. याउलट पाण्याचे तापमान बदलले तर परिणाम ताबडतोब दिसतो. युरोपात रेडिएटरची क्षमता ७५ अंशांनी आत येणारे, ६५ ने बाहेर जाणारे पाणी आणि २० अंशांची खोली धरून छापतात. तोच रेडिएटर ५५ आणि ४५ अंशांच्या पाण्यावर चालवला, तर तो छापील आकड्याच्या निम्मीच उष्णता देतो. तेव्हा पाणी कोमट असेल तर कप्पे वाढवावे लागतात. कप्पे जोडणाऱ्या निपलला एका बाजूला उजवे आणि दुसऱ्या बाजूला डावे आटे असतात, म्हणून ती एकाच दिशेने फिरवली की दोन्ही कप्पे एकत्र ओढले जातात. मुलीच्या लहान झोपण्याच्या खोलीत नको इतके कप्पे होते, ते त्याने अशाच रीतीने सुटे करून काढले.

पण कप्प्यांचा हा नियम आपल्याकडच्या तेलाच्या हीटरला लागू नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. दुकानात "नऊपेक्षा अकरा फिनचा घ्या, जास्त गरम करतो" असे सर्रास सांगतात. पाण्याच्या रेडिएटरमध्ये बॉयलर लांब कुठेतरी असतो, म्हणून कप्पे वाढले की खोलीत येणारी उष्णता वाढते. विजेच्या हीटरमध्ये जेवढे वॉट आत जातात तेवढीच उष्णता बाहेर येते. दोन्ही २००० वॉटचे असतील, तर नऊ पात्यांचा आणि अकरा पात्यांचा हीटर तासाला तीच दोन युनिटे खातो आणि खोलीला तेवढीच उष्णता देतो. अकरा पात्यांचा पृष्ठभाग कमी चटका देतो, हा फायदा खरा आहे, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. पण त्याला जास्त गरम करणारा म्हणणे चूक आहे.

त्या दुपारी आत्याच्या खोलीत ओळखीच्या वायरमनकडून मीटरपासून थेट अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढून घेतली आणि १६ अँपिअरचे सॉकेट बसवले. एक्स्टेन्शन बोर्ड काढून टाकला. मग पायऱ्यांचा नॉब २००० वर, थर्मोस्टॅट कमालवर ठेवला. तापमापक हीटरपासून दूर, पलंगाच्या उशाशी, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर टांगला, कारण थर्मोस्टॅट हीटरच्या अंगालगतच असतो आणि त्यावरचे आकडे खोलीचे अंश नसतात. सुरुवातीला १४ अंश होते. पत्रा तापू लागला तसा आतून बारीक कटकट आवाज येऊ लागला. आत्या दचकली, तेव्हा लोखंड प्रसरण पावताना असे बोलते, हे तिला समजावले. दीड तासाने १९ अंश झाले आणि तिने शाल खांद्यावरून उतरवली. तेव्हा मी थर्मोस्टॅट अगदी हळू मागे फिरवत नेला. एका जागी "टक" असा स्पष्ट आवाज झाला आणि दिवा विझला. आतली दोन धातूंची पट्टी तिथे संपर्क सोडते. नॉब तिथेच राहू दिला. यापुढे खोली गार झाली की हीटर आपोआप लागतो, ऊब आली की बंद होतो.

"दिवा गेला की बंद पडला म्हणायचं का?" आत्याने विचारले. गॅस बंद केल्यावरही तव्यावरची शेवटची भाकरी भाजून निघते, तसेच दिवा विझल्यावरही तेल बराच वेळ ऊब देत राहते, असे मी सांगितले. भाकरीचे उदाहरण तिला चटकन पटले. हीटरवर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, हे मात्र तीन वेळा सांगावे लागले, कारण पावसाळ्यात ती तेच करत आली आहे. झाकलेल्या पात्यांतून उष्णता बाहेर पडत नाही, तेल नको इतके तापते आणि कापडाला आग लागण्याची भीती असते.

शेजारच्या मुलीने "टक" होते त्या जागी नॉबवर एक लाल टिकली लावून दिली आहे. जानेवारीतली थंडी वाढली की ती टिकली थोडी पुढे सरकवावी लागेल, तेही आत्याला सांगून ठेवले आहे. ती आता रोज रात्री नऊला फोन करून तापमापकाचा आकडा सांगते. काल १८ होते. कौलांखालून ऊब वर निसटते आहे, म्हणून फळ्यांचा माळा घालायचे सुताराशी ठरले आहे. संक्रांतीनंतर तो येतो म्हणाला आहे, तोवर दाराखालच्या फटीत गोधडीची गुंडाळी लावायला मी तिला सांगितले आहे.