दुतोंड्या मारुती, ७० अक्षरं आणि नाशिकची २४ तासांची हॅकेथॉन

जळगावहून नाशिकला हॅकेथॉनला जायचं ठरलं तेव्हा घरून पहिला प्रश्न आला, "तिथे नक्की करतात काय?" २४ तास जागून एखाद्या अडचणीवर चालतं-बोलतं काहीतरी बनवायचं आणि दुसऱ्या दिवशी परीक्षकांपुढे पाच मिनिटांत मांडायचं, एवढंच उत्तर दिलं. यंदा ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी आता सविस्तर लिहितोय.

प्रवासाचं आधी. जळगाव-नाशिक गाड्या भरपूर आहेत, पण गाडी सोडते नाशिक रोडला. तिथून शहर नऊ-दहा किलोमीटर. शालिमार, सीबीएसकडे (मध्यवर्ती बसस्थानक) शेअर रिक्षा मिळतात, सिटीलिंकच्या बसही आहेत. मोठी इंजिनिअरिंग कॉलेजं मात्र शहराच्या कडेला, कुठलं त्र्यंबक रोडला तर कुठलं आडगावकडे, त्यामुळे हा प्रवास दोन टप्प्यांचा धरा. आमचा कार्यक्रम जानेवारीत होता. निफाडच्या थंडीच्या बातम्या आपण पेपरात वाचतो, ती थंडी रात्री दोनला कॉलेजच्या सभागृहात फरशीतून वर येते. स्वेटर, जाड मोजे आणि एक शाल न्याच. एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा न्या, त्यावर टीमचं नाव लिहा. नाहीतर पहाटेपर्यंत तो तिसऱ्याच टेबलाखाली सापडतो.

आता मुद्द्याचं. विषय होता 'नदी आणि शहर'. नाशिकमध्ये असे विषय आपसूक येतात. २०१५ च्या सिंहस्थाआधी इथे कुंभमेळ्याच्या अडचणींवर 'कुंभथॉन' झाली होती. एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर मूळचे नाशिकचे, त्यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे गर्दी, पार्किंग, हरवलेली माणसं यांवर निम्मा हॉल काम करणार हे उघड होतं. आम्ही पूर घेतला.

सगळ्यांना माझा एकच आग्रह आहे: कोड लिहायच्या आधी जागेवर जा. आम्ही आदल्या दुपारीच पोचलो, बॅगा ठेवल्या आणि थेट गोदाघाट गाठला. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. नाशिककर पूर मोजतात तो या मूर्तीवर. जानेवारीत तिथे पुराची खूणही नव्हती, मूर्तीच्या पायाशी उन्हात गोधड्या वाळत होत्या. शेजारी पूजेचं सामान विकणाऱ्या एका काकांना विचारलं, पाणी सोडल्याचं तुम्हाला कसं कळतं?

"भोंगा फिरतो, मोबाइलवर पण येतं. पण ते क्युसेक-बिसेक आम्हाला काय कळतंय? मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की खालचं सामान वर. कमरेला लागलं की गाडी बोलवायची आणि घर गाठायचं."

"आणि छातीला?"

"मग सराफ बाजारवाल्यांना विचारा," म्हणाले आणि हसले. म्हणजे तोवर पाणी बाजारात शिरलेलं असतं.

आमचं प्रोजेक्ट तिथेच ठरलं. विसर्गाचा, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतंय त्याचा, क्युसेकमधला आकडा घ्यायचा, त्याची मारुतीची पातळी करायची आणि ती दुकानदाराच्या साध्या फोनवर पाठवायची. बाकी काही नाही.

"बाकी काही नाही" यावर मात्र रात्रभर भांडणं झाली. आमचा चाळीसगावकर फ्रंटएंड, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग बघतो, त्याला रंगीत नकाशा हवा होता. आणखी एकाला लॉगिन, प्रोफाइल, चॅटबॉट असं सगळं हवं होतं. लॉगिन हा हॅकेथॉनमधला सगळ्यात मोठा वेळखाऊ प्रकार आहे. परीक्षक कधीही तुमच्या ॲपवर खातं उघडत नाही. पासवर्ड विसरल्यावर काय, ही काळजी पूर आलेल्या माणसालाही नसते. शेवटी पाचोऱ्याच्या मैत्रिणीने वहीच्या पानावर तीन चौकोन काढले: आकडा, पातळी, निरोप. "चौथा चौकोन काढायचा असेल तर यातला एक खोडा," म्हणाली. ते पान टेबलाला चिकटवलं. तिच्यासारखं एक माणूस प्रत्येक टीममध्ये हवं. कोडिंग कमी आलं तरी चालेल.

आकड्याची गंमत अशी की शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी आणि घाटाजवळच्या होळकर पुलाखालून वाहणारं पाणी यांचे आकडे वेगळे असतात. मधल्या भागात शहरावर पडलेला पाऊस नाल्यांतून नदीला मिळतो. घाटाला भिडतं ते पुलाखालचं पाणी, म्हणून आम्ही पुलाचा आकडा धरला. जुन्या पुरांच्या बातम्यांत विसर्ग आणि मारुतीची पातळी पुष्कळदा एकत्र छापलेली असते. त्यातून एक ओबडधोबड तक्ता तयार केला आणि 'हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे' असं पहिल्याच स्लाइडवर लिहिलं. परीक्षकांनी मॉडेलची अचूकता विचारलीच. मॉडेल नाही, तक्ता आहे, असं सरळ सांगितलं. उगाच मशीन लर्निंगचं नाव घेतलं असतं तर पुढचे तीन प्रश्न त्यावरच गेले असते.

खरी रात्र गेली ती निरोपावर. इंग्रजी एसेमेसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. वर काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलंत, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. आमचा पहिला मसुदा सरकारी थाटाचा: 'गंगापूर धरणातून गोदावरी पात्रात विसर्ग सुरू करण्यात आला असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्कता बाळगावी'. मोजला तर ९८, म्हणजे दोन एसेमेसचे पैसे. आणि वाचून नेमकं काय करायचं ते कळत नाही ते नाहीच. पहाटे साडेतीनला तो असा झाला: 'पाणी मारुतीच्या कमरेला. सामान वर हलवा.' ३८ अक्षरं. लगेच कुणीतरी म्हणालं, काकांच्या हिशोबाने कमरेला लागल्यावर सामान हलवत बसायचं नसतं, घरी जायचं असतं. म्हणून 'सामान वर हलवा' गुडघ्याच्या निरोपात गेलं आणि कमरेच्या निरोपात 'घाट सोडा' आलं. अख्ख्या २४ तासांत सगळ्यात कामाचं डोकं आम्ही इथे चालवलं.

तांत्रिक खाचखळग्यांचंही सांगतो, कारण ते ऐनवेळी छळतात. भारतात ढिगाने एसेमेस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी (पाठवणारा आणि निरोपाचा मसुदा आधी नोंदवणं) लागते, ती एका रात्रीत होत नाही. ट्विलिओ या एसेमेस पाठवणाऱ्या सेवेच्या ट्रायल खात्यावरून फक्त पडताळलेल्या नंबरांवरच निरोप जातो. म्हणून डेमोसाठी आम्ही टेलिग्रामचा बॉट केला. तो टेलिग्रामच्याच 'बॉटफादर' या बॉटकडून काही मिनिटांत मिळतो आणि फुकट आहे. खऱ्या वापरात एसेमेस लागेल हे स्लाइडवर वेगळं मांडलं. पायथनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीने चित्रावर मराठी लिहिणार असाल तर सोबत राक्म लायब्ररी बसवा, नाहीतर 'पर्यंत'मधला रफार भलतीकडे जातो आणि जोडाक्षरं फुटतात. रेंडरसारख्या फुकट होस्टिंगवरचं ॲप पंधरा मिनिटं कुणी उघडलं नाही की झोपी जातं आणि उठायला मिनिटभर घेतं. पाच मिनिटांच्या सादरीकरणात ते मिनिट परवडत नाही, म्हणून आधीच्या टीमचं चालू असताना लिंक उघडून ठेवा. आणि सगळ्याचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन ठेवा. हॉलचं वायफाय मध्यरात्रीनंतर आजारी पडलं ते शेवटपर्यंत उठलं नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असणं हा त्यावरचा उपाय.

झोपेबद्दल वेगवेगळी मतं ऐकाल. आम्ही पाळ्या लावल्या होत्या, दोघं झोपले तर बाकीचे जागे. बोलणार असलेल्या माणसाला मात्र सक्तीने तीन तास झोपवा. पहाटेच्या चौथ्या चहानंतर माणूस आकडे बोलतो आणि मारुती विसरतो.

सादरीकरणात आमच्या मैत्रिणीने सुरुवातच काकांच्या वाक्याने केली. परीक्षकांमधल्या एका नाशिककर बाईंनी लॅपटॉप बाजूला सारला आणि विचारलं, "आणि सराफ बाजार?" त्याचं उत्तर आमच्याकडे तयार होतं, छातीच्या निरोपात दुकानदारांची वेगळी यादी होती. पहिला नंबर गर्दी मोजणाऱ्या टीमला गेला. सिंहस्थाच्या गावात तो तिकडेच जायचा, आणि त्यांचं काम होतंही तसं. आम्ही तिसरे.

केंद्र सरकारच्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची तयारी करणाऱ्यांसाठी एक जोड: ती २०१७ पासून चालू आहे, टीम सहा जणांची लागते, त्यात किमान एक मुलगी हवी, आणि आधी स्वतःच्या कॉलेजची अंतर्गत फेरी पार करावी लागते. आमच्यासारखी एखादी छोटी हॅकेथॉन त्याआधी केलेली असली तर भांडणं तिथेच होऊन जातात.

खाण्याचं म्हणाल तर आयोजकांचं जेवण ठीक होतं, पण नाशिकला येऊन मिसळ न खाता जाऊ नका. रविवारी सकाळी जाणार असाल तर नऊच्या आत पोचा, नंतर बाहेर रांग लागते. बक्षीस समारंभ ठरल्या वेळी कधीच संपत नाही, म्हणून परतीचं तिकीट संध्याकाळच्या गाडीचं काढू नका. भुसावळकडे रात्रीही गाड्या जातात. कॉलेजपासून नाशिक रोडला पोचायला तासभर हाताशी ठेवा.