हिरवं कापड

वेदीवरचं हिरवं कापड घरी आणून पलंगावर पसरलं, तेव्हा कळलं की ते आता हिरवं राहिलेलंच नाही.

शनिवारची दुपार. तारीख 29 नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी नाताळच्या तयारीच्या चार आठवड्यांचा, आगमनकाळाचा, पहिला रविवार, म्हणजे आजच हिरवं उतरवून जांभळं चढवायचं. चर्चमधली ही कापडं धुण्याची पाळी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. ती मला कोणी दिली ते आठवत नाही आणि परत मागायला आजवर कोणी आलेलं नाही. चर्चमधली बहुतेक कामं अशीच असतात.

एकूण कापडं चार. नाताळ आणि ईस्टरला पांढरं, आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळं, पवित्र आत्मा उतरला त्या पेंटेकॉस्टच्या सणाला लाल, आणि उरलेल्या सगळ्या दिवसांना हिरवं. लाल कापड अजून दुकानातून आणल्यासारखं करकरीत आहे, कारण ते वर्षातून एकदा-दोनदाच उजेड बघतं. हिरवं तेहतीस-चौतीस आठवडे वेदीवर असतं. त्या काळाचं नावच सामान्यकाळ. लहानपणी मला हे नाव फार अपमानाचं वाटे. देवाच्या घरी सामान्य काय असणार? पुढे संसार केला, मग वाटणं बंद झालं.

तर त्या कापडावर, वेदीच्या कडेला जिथे ते दुमडतं, तिथे हातभर लांब फिकट पट्टा पडलाय. पाळक उभे राहतात त्या बाजूला धागे विरलेत. मेणाचे तीन थेंब. मेण नखाने खरवडायचं नसतं. वरखाली कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, मेण आपणहून कागदात उतरतं. आणि डाव्या कोपऱ्यात झालरीचा एक गोंडा नाहीच. तो कोणी उपटला हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या लेकीने, चार वर्षांची असताना, लांबलेल्या एका प्रार्थनेच्या वेळी. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, माझे नव्हते. मी तो तिच्या मुठीतून सोडवून पर्समध्ये टाकला. पुढे पर्स बदलल्या, गोंडा कुठे गेला कोण जाणे.

हे शेजारच्या खोलीत वार्षिक पत्र लिहीत बसले होते.

लग्नाच्या वर्षापासून नाताळच्या आधी हे नातेवाइकांना आणि स्नेह्यांना एक पत्र पाठवतात. वर्षभरात घरात काय घडलं, ते एका पानात. आधी हाताने, मग छापून, आता फोनवर. नाताळला खुशाली कळवायची ही हौस जुनीच आहे म्हणा. पहिलं छापील नाताळकार्ड 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी काढून घेतलं, तेही पत्रं लिहीत बसायचा कंटाळा म्हणून, असं सांगतात. त्या चित्रात अख्खं कुटुंब हातात वाईनचे पेले घेऊन बसलंय आणि एका लहानग्याच्या ओठांनाही पेला लावलाय, त्यावरून लोक रागावले होते. मला तो पेला बघून बरं वाटतं. निदान त्या घरात काहीतरी चाललेलं दिसतं.

ह्यांच्या पत्रात तसं काही नसतं. सगळ्या पत्रांच्या प्रती एका फायलीत लावलेल्या आहेत आणि मी त्या एकदा ओळीने वाचल्या. जन्म, बाप्तिस्मा, दहावी, नोकरी, लग्न, बदली. शेवटून दुसरं वाक्य दरवर्षी तेच: ‘सौ.ची प्रकृती उत्तम असून बाकी सर्व नेहमीप्रमाणे.’ माझं पोटाचं ऑपरेशन झालं त्या वर्षीही माझी प्रकृती उत्तमच होती. विचारलं तर म्हणाले, “अगं, डिसेंबरात होतीच ना उत्तम!”

यंदा मजकूर भरपूर आहे. हे निवृत्त झाले. लेक नोकरीसाठी लांब गेली. मुलाला मुलगी झाली. आणि आमच्या लग्नाचा वाढदिवस बरोब्बर ईस्टरला आला.

हे शेवटचं मला ह्यांच्या निवृत्तीपेक्षा मोठं वाटतं. आमचं लग्न 20 एप्रिल 1992चं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार. उपवासकाळात लग्नं लावत नाहीत, त्यामुळे आमच्यासारखी कितीतरी जोडपी ईस्टर उलटायची वाट बघत ताटकळलेली असत. तारीख एकदा ठरली की ती जागची हलत नाही. ईस्टर मात्र वसंतातल्या पौर्णिमेमागे धावत 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये कुठेही येतो. तेव्हा आमचा वाढदिवस कधी कुठे सापडेल याचा नेम नाही. 2011मध्ये तो ईस्टरच्या आदल्या, दुःखसहनाच्या आठवड्यातल्या बुधवारी आला. 2019मध्ये गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा घरात धड बोलायचंही नसतं. त्या दिवशी हे हळूच स्वयंपाकघरात आले, ओट्यावर एक पुडकं ठेवलं आणि “उद्या उघड” म्हणून निघून गेले. आणि 2003, 2014 आणि 2025 ह्या तीन वर्षी नेमका ईस्टरलाच. अकरा-अकरा वर्षांनी. मी लगेच 2036 बघितलं, तर तिथे 13 एप्रिल. चंद्राने शब्द मोडला.

नवी डायरी आली की ह्यांचं पहिलं काम म्हणजे ईस्टर शोधून त्यावर पेन्सिलीने गोल करणं. छापलेली तारीख ती, बदलणार थोडीच! पण शाईने गोल करायला अजून ह्यांचा हात धजत नाही.

आमच्या बाबांचं उलट होतं. बाबा शाईशिवाय लिहीतच नसत, आणि ते लिहीत त्या जागेवर तर नाहीच नाही. माहेरच्या मोठ्या बायबलमध्ये जुन्या करारातलं शेवटचं पुस्तक मलाखी संपतो आणि नव्यातलं पहिलं मत्तय सुरू होतो त्यांच्या मध्ये काही आखलेली पानं होती. नाव, जन्म, बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू. घरात मूल जन्मलं की रात्री जेवणं झाल्यावर बाबा टेबल पुसायचे, दिवा जवळ घ्यायचे, दौत उघडायचे. आम्ही भावंडं भोवती उभी. श्वास जोरात सोडायचा नाही, शाई ओली असते. धाकट्या भावाच्या वेळी मी शिंकले आणि त्याच्या आडनावाशेजारी एक निळा शिंतोडा उडाला. तो अजून आहे. भाऊ त्याचा हिशेब अजून मागतो.

मलाखी आणि मत्तय यांच्यामध्ये चारशे वर्षांचं अंतर आहे, असं रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. चारशे वर्षं कोणी संदेष्टा आला नाही, देव काही बोलला नाही. आणि आमच्या घरातली सगळी माणसं तिथे, त्या शांततेत, टिपून ठेवलेली. बाबांना मी एकदा विचारलं, इथेच का लिहायचं? ते म्हणाले, “कोरी पानं तिथेच असतात म्हणून.”

त्या पानावर एक ओळ अशी होती की तिच्यात जन्म आणि मृत्यू दोन्ही रकाने एकाच शाईने भरलेले. मधले दोन कोरे. तारखांमध्ये अकरा दिवसांचं अंतर. माझ्या आधीची बहीण. तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. आई रोज संध्याकाळी बायबल वाचायची आणि जुन्या करारातून नव्या करारात जाताना ती मधली पानं अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरून एकदम उलटायची. इतकी सराईत, की ते पान मला कितीतरी वर्षं दिसलंच नाही. आई गेल्यावर ते बायबल हातात आलं तेव्हा पाहिलं: त्या पानांचा वरचा कोपरा मऊ पडून काळा झालाय. न बघता रोज हाताळलेलं पान.

हे कशावरून निघालं? हां, कापड.

सांगायचं होतं ते असं, की ह्यांच्या पत्रात सगळे पांढऱ्या आणि लाल कापडाचे दिवस येतात. हिरव्याचं एकही वाक्य नाही. मी तसं म्हटलंही, दारात उभी राहून. ह्यांनी चष्मा वर सरकवला. “बरं, सांग. काय लिहू हिरव्यातलं?” मी विचार करू लागले. लेक गेल्यापासून रात्री दाराची कडी कोण लावतं यावर होणारा घोळ. पूर्वी तीच लावायची. आता हे समजतात मी लावली, मी समजते ह्यांनी, आणि दार रात्रभर नुसतं लोटलेलं. हे लिहायचं?

“राहू दे,” मी म्हटलं. “नेहमीप्रमाणेच लिहा.”

“तेच लिहिलंय.”

मग नातीचं नाव आमच्या बायबलमध्ये लिहायचं राहिलंय, याची मला आठवण झाली. मीच पान उघडलं. ह्यांनी पेन्सिल ठेवून पेन शोधलं. नातीची ओळ लिहून झाली आणि शाई वाळेपर्यंत आम्ही दोघं उगाच ते पान बघत बसलो. सगळ्यात वर आमच्या दोन ओळी. विवाहाच्या रकान्यात तारीख एकच, दोनदा लिहिलेली. शेवटचे रकाने कोरे. एकाचा रकाना दुसरा भरणार, हे उघडच आहे. अक्षर ह्यांचं चांगलं आहे. माझं पहिल्यापासून वाईट.

मी काही बोलले नाही. ह्यांनी पानावर फुंकर घातली, पुस्तक मिटलं आणि विचारलं, “मेण निघालं का गं?”

“दोन थेंब निघाले. एक आहे अजून.”