गोळा विझताना
आज दिवसभर लेसरच्या सापळ्यात धरलेल्या रुबिडियम धातूच्या अणूंचा तो इवलासा चमकता गोळा विझताना बघत बसले. ७८० नॅनोमीटरचे सहा लेसर किरण आणि मधोमध काहीशे मायक्रोकेल्विनवर, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर, गारठलेले अणू. नवे अणू येणं बंद केलं, की स्क्रीनवर उरलेल्या अणूंचा आलेख उतरू लागतो. आधी झपाट्याने, मग संथ.

संथ भाग ओळखीचा. सापळ्याभोवतीच्या निर्वातातही उरलेला एखादा गरम रेणू धडकतो, अणू बाहेर. पण सुरुवातीच्या त्या उतारापायी दुपारचा चहा राहूनच गेला! तिथे अणू एकमेकांनाच घालवतात. एक जण प्रकाश शोषतो, शेजारच्याला ओढून घेतो, वेग एवढा वाढतो की दोघंही सापळ्याबाहेर. ज्या प्रकाशाने धरलं, त्यानेच सोडवलं. गर्दी जितकी दाट, तितकी गळती जास्त.

उद्या लेसरची तीव्रता कमी करून पुन्हा मोजणार.