मोराची जाळी, चौथी खेप: कोपरे सुटले, आराखडा बदलला

कागद कापून केलेल्या मोराच्या जाळीत (स्टेन्सिलमध्ये) पिसाऱ्याच्या ४८ खिडक्यांपैकी, म्हणजे कापून काढायच्या भोकांपैकी, ४५ नितळ कोपऱ्यांनी निघाल्या. तिसऱ्या खेपेत २१ निघाल्या होत्या आणि सात पूल, म्हणजे खिडक्यांमधल्या कागदाच्या अरुंद पट्ट्या, मुळासकट उपटले होते. नक्षी तीच, मथुरेच्या सांझीच्या (कागदी जाळीतून रंगीत भुकटी चाळून काढायच्या चित्रांच्या) वळणाची. कागद तोच, २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) हातकागद. सर्जिकल चाकूच्या ३ नंबरच्या मुठीवर ११ नंबरचं ब्लेड, तेही तेच. बदलली फक्त कापायची दिशा.

मागच्या वेळी सगळा दोष ब्लेडच्या बोथट टोकावर टाकला होता. फाटलेला कोपरा भिंगाखाली पाहिला तेव्हा वेगळंच दिसलं: वरच्या बाजूला छेद कोपऱ्याच्या पुढे गेलेला, आणि खाली कापायच्या मॅटच्या बाजूला तीन-चार तंतू अजून धरून बसलेले. एकाच कोपऱ्यात जास्तही कापलं गेलं होतं आणि कमीही. ही करामत ब्लेडच्या कलाची. मूठ पेनासारखी आडवी धरली की टोक मागे राहतं आणि धारेचा वरचा भाग पुढे धावतो. ०.३ मिमी जाडीच्या कागदावर धार कागदाशी ३० अंशांत असेल तर वरचा छेद खालच्यापेक्षा साधारण अर्धा मिमी पुढे जातो. ६० अंशांत हाच फरक ०.२ मिमीच्या आत येतो. आपला पूल अवघा १.२ मिमीचा. दोन्हीकडून अर्धा-अर्धा मिमी खाल्ला की उरतं काय? मग सुटा तुकडा चिमट्याने ओढला की खालचे तंतू पूल घेऊनच वर येतात.

म्हणून छेद कोपऱ्यात संपवायचाच नाही, कोपऱ्यातून सुरू करायचा. टोक कोपऱ्यावर उभं टेकवायचं, मॅटला लागल्याचं बोटाला कळलं की मूठ थोडी कलती करून रेघेच्या मध्यापर्यंत ओढायचं आणि थांबायचं. कागद अर्धा फिरवून समोरच्या कोपऱ्यातून तसंच. दोन्ही छेद मध्यात मिमीभर एकमेकांवर चढले तरी बिघडत नाही. त्रिकोणी खिडकीला तीनऐवजी सहा ओढी लागतात, वेळ जवळपास दुप्पट जातो. तुकडा वरून ओढण्याऐवजी कागद उलटा करून मागून बोटाने हलकेच ढकलायचा. अडला तर त्याच कोपऱ्यात टोक पुन्हा टेकवायचं. ओढाओढ बंद.

उरलेल्या तीन खिडक्या हवेने बिघडवल्या. पावसाळी दमटपणात हातकागद मऊ पडतो, लांब तंतू कापले जाण्याआधी वाकतात आणि कडेला लव उठते. कागद रात्रभर दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये दाबून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवला तर फरक जाणवतो. ब्लेडं सर्जिकल दुकानातून शंभराच्या डब्यात घ्यावीत. स्टेशनरीतल्या पाचाच्या पाकिटापेक्षा टोक जास्त टिकतं. मात्र कार्बन स्टीलची असतील तर गंजतात, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून ठेवा आणि कापण्याआधी पुसा, नाहीतर कागदावर डाग. काचेवर कापायचा मोह टाळा. कोपरे सुंदर येतात, पण दहा-बारा खिडक्यांत टोक उडतं.

सुईने कोपऱ्यात आधी भोक पाडायचाही प्रयोग झाला. फाट भोकापाशी अडते हे खरं, पण कोपरा गोल येतो आणि मागे कंगोरा उठतो. भिंतीवर लावायच्या चित्राला नको. रांगोळीच्या जाळीला चालेल, कारण भुकटीला इतका टोकदार कोपरा दिसतच नाही.

आणि इथेच बेत फिरला. तयार जाळीतून रांगोळी चाळून पाहिली, तर २ मिमीच्या खिडक्या बुजल्या. जाडसर भुकटीला ३ मिमी तरी हवेत. म्हणजे पिसाऱ्याचे डोळे ४८ वरून ३६ वर, आणि पूल २ मिमीचे. पण पूल रुंद केला की रांगोळीत त्याची रिकामी रेघही रुंद दिसते. त्यावर सांझीतलाच तोडगा आहे: रंगागणिक वेगळी जाळी. पहिल्या जाळीतल्या पुलांच्या जागा दुसऱ्या जाळीत खिडक्या करायच्या. दोन्ही कागद एकत्र धरून चारही कोपऱ्यांत दाभणाने एकदम भोकं पाडली की खुणा जुळतात. दुहेरी कागद चिकटवून जाळी भक्कम करायचा जुना विचार त्यामुळे रद्द.

सांझीचे कारागीर हे सगळं खास घडवून घेतलेल्या बारीक कात्रीने करतात, ब्लेडने नाही. कात्रीला वरचा-खालचा छेद हा प्रश्नच नसतो. ती शिकायची आहे, पण पितृपक्षाच्या आत नाही. तिकडच्या पंचांगात तो आश्विन कृष्ण आणि आपल्याकडे भाद्रपद वद्य. पंधरवडा एकच, आणि सांझी मांडतात तोही हाच.

पाचव्या खेपेसाठी हातकागदाऐवजी ३०० जीएसएमचं कार्डशीट. गिरणीच्या कागदाला ग्रेन (तंतूंची दिशा) असतो: पट्टी एका बाजूने ओली करा, ती ज्या अक्षाभोवती वळते तो ग्रेन. लांब पूल त्याच दिशेने ठेवायचे, आडवे पूल २.५ मिमी. जाळी उचलायला दोन समोरासमोरच्या कडांवर कागदी कान सोडायचे, आणि सरळ वर; तिरकी उचलली की भुकटी घसरलीच.